कमाटीबागेतील एक दुपार

वकिलाची सुट्टी न्यायालयापुरतीच असते. त्याची बॅग त्याच्याबरोबर प्रवास करते आणि तीत एखादा तरी कागद असा असतोच, की जो घरी ठेवून येण्याचे धैर्य त्याला झालेले नसते. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून बडोद्यास गेलो, तेव्हा माझ्याही बॅगेत असा एक कागद होता. गोव्यातील आमच्या कुलदेवतेच्या देवस्थानाने आपल्या अग्रशाळेसाठी नवी नियमावली करण्याचे ठरविले होते, आणि तिचा मसुदा लिहून देण्याचे काम समितीने माझ्यावर सोपविले होते. मसुदा तयार होता. त्यावरून एकदा शेवटचा हात फिरवावा, एवढ्याचसाठी मी तो बरोबर घेतला होता. त्या कागदाविषयी पुढे लिहीनच, प्रथम बडोद्याविषयी.

बडोदे मी कधी पाहिले नव्हते, तरी ते मला पाठ होते. माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारकून होते. आमच्या घरात त्यामुळे दोन आख्याने पिढ्यान् पिढ्या चालत आली. पहिले अर्थातच महाराजांचे. नाशिककडील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली दत्तक जातो, गादीवर बसतो, १८८१ साली राज्यकारभार हाती घेतो आणि १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करतो, ही कथा आम्ही मुलांनी रामायणाच्या बरोबरीने ऐकली. दुसरे आख्यान पणजोबांच्या आतिथ्याचे. गोव्याहून, कारवारहून, बेळगावहून नोकरीच्या शोधात बडोद्यास उतरलेला आपला माणूस पहिल्या रात्री पणजोबांच्या दांडियाबाजारातील बिऱ्हाडी येई आणि काम लागेपर्यंत तेथेच जेवे. त्याला कोणी किती दिवस राहणार म्हणून विचारीत नसे. बडोद्याच्या चुलीला विसावा ठाऊक नव्हता, असे माझी आजी म्हणे, आणि म्हणताना तिचा स्वर किंचित चढे.

पुढे माझे आजोबा वकिलीसाठी बेळगावास आले. त्यांच्या थोरल्या बंधूंचे कुटुंब मात्र बडोद्यासच राहिले. त्यांची कन्या, म्हणजे माझी चुलत आत्या, आज ऐंशी उलटून गेली तरी ताठ चालते, आणि मराठीत दर चार शब्दांमागे एक गुजराती शब्द अशा गोड मिश्रणात बोलते. तिचे निमंत्रण कित्येक वर्षांचे होते. या खेपेस आई म्हणाली, "आता मात्र जाऊ या. नंतर जाऊन घर पाहायचं, माणूस नाही, असं व्हायला नको." तेव्हा आई, पत्नी, नववीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि मी असे पाच जण निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आम्हांस लक्ष्मीविलास राजवाड्यात नेले. १८७८ साली या वास्तूचे काम सुरू झाले आणि १८९० साली पुरे झाले. मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याचा. तो १८८१ साली वारला आणि रॉबर्ट चिझम याने ते काम तडीस नेले. बाहेरून पाहताना हिंदू, मुसलमानी आणि युरोपीय वास्तुशैलींनी एखाद्या संयुक्त अर्जावर शेजारी शेजारी सह्या कराव्यात, तसे ते दिसते, आणि नवल असे, की अर्ज मंजूरही झालेला आहे. दरबार सभागृहाच्या व्हेनिस पद्धतीच्या मोझाइक जमिनीवर उभे राहून मुलाने हळूच विचारले, "खापरपणजोबा इथं यायचे का?" आत्या हसली. "कारकून रे तो. राजवाडा त्याला बाहेरूनच ठाऊक."

राजवाड्याच्या आवारात वस्तुसंग्रहालय आहे. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे पाहताना आई बराच वेळ थबकली. आमच्या देवघरातील लक्ष्मी आणि सरस्वती या ज्या चेहऱ्यांनी आम्हांस ठाऊक आहेत, त्या चेहऱ्यांचा उगम येथे जवळपास आहे, हे तिला प्रथमच उमगत होते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला आणि राजवाड्यांतील देव बाजारात आले. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव काही आण्यांत जाऊन बसला. हा विचार त्या वेळी माझ्या मनात सहज आला आणि सहजच गेला. दुपारी तो परत येणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

दुपारी आम्ही सयाजीबागेत गेलो. जुने लोक तिला अजून कमाटीबाग म्हणतात. विश्वामित्री नदीच्या काठी शंभर एकरांहून अधिक जागेत पसरलेली ही बाग १८७९ साली, म्हणजे महाराज अवघे सोळा वर्षांचे असताना आणि कारभार अद्याप त्यांच्या हाती यायचा असताना, उभी राहिली. प्रवेशद्वारानजीक महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १९०७ साली प्रजेने वर्गणी काढून तो उभारला. बडोदेकर त्यास नुसते 'काळा घोडा' म्हणतात. राजाला विसरून घोड्याचे नाव लक्षात ठेवण्याचा हा लोकस्वभाव मला वकील या नात्याने नवा नाही. अशील खटला विसरतो आणि फी लक्षात ठेवतो.

बडोद्याच्या बागांना मोठ्या माळ्यांचे हात लागले आहेत. राजवाड्याभोवतीच्या उपवनाची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्लिश उद्यानतज्ज्ञाने केली. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला क्रुंबिगेल हा जर्मन तज्ज्ञ प्रथम बडोदे संस्थानात आला, आणि तेथून १९०८ साली म्हैसूर संस्थानात गेला. बंगलोरचे लालबाग आज ज्या रूपात आपण पाहतो, त्यात त्याचा वाटा फार मोठा. आम्ही कर्नाटकातील मराठी माणसे लालबागेत फिरताना बडोद्याचे हे ऋण सहसा ध्यानात घेत नाही.

सकाळी राजवाड्यात प्रत्येक वस्तूपुढे दोरी होती आणि दोरीमागे पहारेकरी होता. मुलांना सारखे 'हात लावू नका' म्हणावे लागत होते. येथे आम्ही एका मोठ्या वृक्षाखाली सतरंजी पसरली, आत्याने डबा उघडला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे बाहेर आले, आणि कोणी विचारले नाही, की तुम्ही कोण व येथे का बसलात. शेजारी एक कुटुंब ढोकळा खात होते, पलीकडे दोन मजूर उशाशी चपला घेऊन झोपले होते. मुलीने आणलेल्या चेंडूमागे दुसऱ्या कुणाचा मुलगा धावत होता.

मुलाने मान वर करून पाहिले आणि झाड वडाचे असल्याचे जाहीर केले. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव फायकस बेंगालेन्सिस, हेही त्याने शाळकरी अभिमानाने सांगितले. तेव्हा मला एक गंमत आठवली आणि मी ती सांगितली. या झाडाला इंग्रज बॅनियन म्हणतात, तो शब्द मूळचा गुजरातेतला. 'वाणियो' म्हणजे वाणी. पोर्तुगिजांनी येथील व्यापाऱ्यांना बनियान म्हटले. ते व्यापारी अशा झाडांच्या सावलीत बसून व्यवहार करीत, म्हणून परक्यांनी झाडालाही तेच नाव दिले. वृक्षाच्या नावात एका जातीचे नाव आहे. सावलीत मात्र वाटेल तो बसतो. माझे बोलणे मलाच आवडले. आत्या मात्र गंभीर झाली. "वाटेल तो बसतो, हे खरं," ती म्हणाली. "चल, तुम्हांला एक जागा दाखवते."

तिने आम्हांस नेले ती जागा आता 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते. तेथे आलेल्यांपैकी काहींनी चपला काढून ठेवल्या होत्या. मी ती हकीकत वाचलेली होती. परंतु वाचलेली हकीकत आणि पायाखालची माती यांत जे अंतर असते, ते त्या क्षणी मिटले. मुलांना मी ती सांगू लागलो.

सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन एका तरुणास १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे सरकारची चाकरी करण्याचा करार होता. त्या कराराप्रमाणे भीमराव रामजी आंबेडकर १९१७ साली बडोद्यास आले. वय सव्वीस. परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या या विद्वानास त्या नगरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी सराईत, पारशी असल्याचे भासवून, त्यांना उतरावे लागले. सरकारी निवासासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव सराईत आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे वचन घेऊन गेला. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक ख्रिस्ती होता. त्याला पत्नीचे मत घ्यावयाचे होते. दुसरा हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास काढावयाचे कुठे? ते या कमाटीबागेत येऊन बसले. 'वेटिंग फॉर ए व्हिसा' या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. अशा वेळी पोरक्या मुलास आठवतात तशी त्यांना आपल्या आईवडिलांची आठवण झाली, असेही त्यांनी लिहिले आहे. आई ते लहान असतानाच गेली होती. वडील अमेरिकेस निघण्यापूर्वी काही महिने वारले होते. याच बागेत वडाच्या झाडाखाली त्यांनी आपल्या लोकांसाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प केला, असे मानले जाते, आणि २३ सप्टेंबर हा दिवस येथे संकल्पदिन म्हणून पाळला जातो. २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने या जागेस राष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून घोषित करण्याची शिफारसही केली.

मी थांबलो. मला वाटले, मुले गाडीविषयी किंवा काठ्यांविषयी काही विचारतील. धाकटी म्हणाली, "बाबा, मग ते आपल्या खापरपणजोबांकडे का नाही गेले? ते तर सगळ्यांना ठेवून घ्यायचे ना?"

न्यायालयात साक्षीदाराने अनपेक्षित उत्तर दिले, तर वकिलाने चेहरा हलू देऊ नये, असा दंडक आहे. तो दंडक माझ्याने त्या दिवशी पाळवला नाही. १९१७ साली पणजोबा बडोद्यासच होते. दांडियाबाजार काही दूर नव्हता. ते कचेरीत होते. या खात्याकडून त्या खात्याकडे फिरणारा तो अर्ज त्यांच्या मेजावरून गेला नसेलच, असे मी कशाच्या आधारावर म्हणणार? 'बडोद्यास येणारा आपला माणूस' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यातील 'आपला' या शब्दावर माझे बोट कधी पडले नव्हते. आठ वर्षांच्या मुलीने तो शब्द गाळून वाक्य वाचले, आणि वाक्याचा अर्थच निराळा झाला.

उत्तर आत्याने दिले. "ठेवून घेतलं नसतं, दीकरा."

"का?"

आत्या जवळच्या बाकावर बसली. तिने जे सांगितले, ते मी शक्य तितके तिच्याच शब्दांत देतो.

"आमच्या ओट्यावर कोनाडा होता. त्यात एक कप ठेवलेला असे, कान तुटलेला. पलीकडच्या वस्तीतले एक मास्तर आजोबांकडे यायचे. आजोबा त्यांच्याशी तासभर बोलायचे, अगदी अहोजाहो करून. त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, पैसा घ्यायचे नाहीत. चहाही द्यायचे. पण त्या कपातून. मास्तर चहा प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि परत कोनाड्यात ठेवायचे. मी सातेक वर्षांची असेन. एकदा भातुकलीला कप कमी पडला म्हणून तो घेऊन गेले. आजीनं पाहिलं. मला नहाणीत नेऊन डोक्यावरून पाणी घातलं, अंगावरचे कपडे धुवायला टाकले. आजोबा ओट्यावर होते. त्यांनी पाहिलं, आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरलं. वाईट माणूस नव्हता रे तो. पण तेव्हा त्यानं वर्तमानपत्र धरलं."

आत्याचा जन्म १९४३ चा. म्हणजे ही गोष्ट १९५० च्या सुमाराची. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली होती. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली होती. पंधराव्याने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे सर्वांस खुली केली होती. ती घटना ज्या समितीने सिद्ध केली, तिचे अध्यक्ष याच बागेत पाच तास बसून गेलेले गृहस्थ होते. ते वृत्त पणजोबांनी त्याच वर्तमानपत्रात वाचले असणार.

आईने विचारले, "त्या कपाचं पुढं काय झालं?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "घर विकलं तेव्हा कोनाड्यातच राहिला. फुटला नाही कधी."

आम्ही बाग सोडली तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. वस्तुसंग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहावयाची राहून गेली म्हणून मुलगा थोडा रुसला. मी त्याला दुसऱ्या दिवसाचे वचन दिले आणि ते पाळलेही.

त्या रात्री सर्व निजल्यावर मी बॅगेतून मसुदा काढला. आता त्याविषयी सांगावयास हवे. आपल्या देवस्थानांची व्यवस्था या मासिकाच्या वाचकांस मी सांगावी असे नाही. देवळाभोवती अग्रशाळा असतात. लांबून येणारा कुळावी तेथे उतरतो, पूजा-अभिषेक करतो, प्रसादाचे जेवण घेतो आणि परततो. आमची अग्रशाळा महाजनांच्या देणग्यांतून उभी राहिली. माझ्या पणजोबांनी बडोद्याहून मनिऑर्डरीने पाठविलेल्या रुपयांची नोंदही जुन्या वहीत आहे. खोल्या थोड्या, येणारे फार, ही समितीची अडचण खरी होती. तेव्हा खोली मागणाराने भरून द्यावयाचा एक नमुना मी तयार केला होता. नाव, गाव, माणसांची संख्या. आणि त्यापुढे कुलदेवता, गोत्र आणि ओळख देणाऱ्या महाजनाचे नाव. जात हा शब्द मसुद्यात कोठेही नव्हता. तो असू नये, याची मीच दक्षता घेतली होती. कोणास नकार द्यावा, असेही कोठे लिहिलेले नव्हते. शेवटचे तीन रकाने ज्याचे कोरे राहतील, त्याला खोली शिल्लक नाही असे कळवावे, इतकेच समितीच्या बैठकीत तोंडी ठरले होते. त्या बैठकीस मी हजर होतो. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याचे, ज्याचे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर झाले, चौथे कलम मला ठाऊक होते. त्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथील भांड्यांचादेखील आहे. त्या कलमाच्या कचाट्यात मसुदा सापडू नये, अशाच बेताने मी तो लिहिला होता. आणि तो सापडला नसता, असा माझा व्यावसायिक विश्वास आजही आहे. कायद्याला चुकवणारे लिखाण कसे करावे, ही विद्या मला येते.

पण त्या रात्री ते तीन रकाने मला रकाने दिसेनात. कोनाडा दिसू लागला. शिष्टाचार तोच होता, अहोजाहोही तेच होते, आणि पणजोबांप्रमाणे मीही वाईट माणूस नाही असे माझे मत आहे. फरक इतकाच, की त्यांनी वर्तमानपत्र आड धरले होते आणि मी मसुदा.

समितीची बाजू मी मनाशी पुन्हा तपासली. ज्यांनी पैसा दिला त्यांच्या वंशजांस आधी खोली मिळावी, हे म्हणणे अगदीच अन्याय्य नाही. त्यासाठी उत्सवाचे दिवस राखून ठेवता येतील, आधी मागेल त्याला आधी देता येईल. अडचणीस उत्तरे पुष्कळ आहेत. मात्र ज्याला ओळख देणारा महाजन नाही, तोच खरा परका असतो, आणि धर्मशाळा मुळात बांधतात ती परक्यासाठी. ओळखीच्या माणसास धर्मशाळा लागत नाही. त्याला कुणाचे तरी घर असते. सव्वीस वर्षांच्या त्या तरुणाजवळ विद्या होती, राजाची कृपा होती, सरकारी नेमणूक होती. नव्हती ती फक्त ओळख देणारी व्यक्ती. आमच्या नमुन्याचा शेवटचा रकाना त्यांनाही कोराच ठेवावा लागला असता.

मी लेखणी घेऊन ते तीन रकाने खोडले. सकाळी आत्याने कागद पाहिला. तिला कायद्याचे काही कळत नाही, पण खोडलेल्या ओळी तिने चष्मा लावून वाचल्या आणि विचारले, "समिती मानेल?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

खरोखरच ठाऊक नाही. बैठक पुढील महिन्यात आहे. काही जण म्हणतील, की वकिलाला लिहावयास सांगितले होते, खोडावयास नव्हे. एक वृद्ध सभासद, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, बहुधा काही बोलणारच नाहीत. आणि त्यांचे न बोलणेच मला सर्वांत जड जाईल. मी नमुना तसाच पुढे ठेवणार आहे: नाव, गाव, माणसांची संख्या. समितीने तो फेटाळला, तर दुसरा मसुदा लिहिण्यास दुसरा वकील मिळेल. आमच्या समाजात वकिलांची उणीव नाही.

निघताना धाकटीने आत्याला नमस्कार केला आणि पुन्हा कधी यायचे ते विचारले. आत्या म्हणाली, "केव्हाही ये. कुणालाही घेऊन ये." मग क्षणभर थांबून, माझ्याकडे पाहत, तिने तेच पुन्हा म्हटले, "कुणालाही."